नाव बदललंत, कुलूप तेच ठेवलंत

प्रति,
महाराष्ट्रात मानसोपचार आणि समुपदेशन करणारे सर्वजण,
आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी

स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत रोखपाल आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलेलं नाही, पण काहींनी माझी गोष्ट ऐकलेली असेल, कारण ती आता बऱ्याच मोबाइलवर फिरते. त्या गोष्टीत माझं नाव मालतीताई आहे.

मागच्या १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात एका समुपदेशकांचं व्याख्यान होतं. सर जिल्ह्याच्या ठिकाणाहून आमच्याकडे दर मंगळवारी येतात. मी त्यांच्याकडे चौदा वेळा जाऊन आले होते आणि मला गुण आला होता, म्हणून मी पतसंस्थेतल्या दोन मैत्रिणींना आणि आमच्या पिग्मी एजंटला आग्रह करून व्याख्यानाला घेऊन गेले. पाचव्या रांगेत बसलो. अर्धा तास छान चाललं होतं. मग सर म्हणाले, "एक उदाहरण सांगतो. नाव अर्थातच बदललंय. समजा, मालतीताई. एका आर्थिक संस्थेत कॅश सांभाळतात."

पुढचं मला शब्दशः पाठ आहे. मालतीताई संध्याकाळी शटर ओढतात, कुलूप लावतात, हिसका देऊन बघतात. पुन्हा बघतात. सात लिव्हरचं कुलूप, म्हणून सात वेळा. मग नाक्यापर्यंत चालत जातात, वडापमध्ये बसतात, आणि गाडी सुटायच्या आत उतरून परत कुलपाशी येतात. पुढे त्यांनी युक्ती काढली, कुलपाचा फोटो काढायचा. "ताईंच्या मोबाइलमध्ये पोरांपेक्षा कुलपाचेच फोटो जास्त!" सभागृह हसलं. मग सर म्हणाले, "नवरा एकदा वैतागून म्हणाला, तुला कुलपाशीच लग्न करायचं होतं." तेव्हा सगळ्यात मोठा हशा झाला.

माझ्या डावीकडची मैत्रीण हसत नव्हती. ती माझ्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात किल्ल्यांचा जुडगा असतो, हे तिला बावीस वर्षं माहीत आहे.

आमच्या गावात पतसंस्था किती, त्यात बायका रोखपाल किती, आणि त्यातली संध्याकाळी वडापमधून उतरून मागे पळणारी किती? हे गणित करायला सभागृहातल्या कुणालाही टाळ्या थांबण्याइतका वेळ पुरेसा होता.

सोमवारी चेअरमनसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "मॅडम, तुम्हालाच ताण नको म्हणून," असं म्हणत त्यांनी तिजोरीची माझ्याकडची किल्ली ज्युनिअर क्लार्ककडे द्यायला सांगितली. मी किल्ल्यांच्या रजिस्टरमध्ये सही केली आणि दिली. बावीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये एका रुपयाची तूट नाही. कुलूप सात वेळा बघणाऱ्या बाईकडून तूट येईल तरी कशी, हा साधा हिशेब आमच्या संचालक मंडळाला सुचला नाही. असो, तो त्यांचा प्रश्न आहे, आणि हे पत्र त्यांना नाही.

घरी वेगळंच झालं. कुलपाशी लग्नाचं ते वाक्य माझ्या नवऱ्याने एकदा रात्री, जेवणाचं ताट तसंच ठेवून, म्हटलं होतं. ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी ते बंद दाराआड सरांना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं होतं, "घरच्यांना काय वाटतं?" व्याख्यानाचा व्हिडिओ नवऱ्यापर्यंत पोचला तेव्हा तो ओरडला नाही. "हे तू बाहेर सांगितलंस?" एवढंच म्हणाला आणि दोन दिवस बोलला नाही. गुपित माझं एकटीचं नव्हतं. तुमच्यासमोर बसलेला माणूस नेहमी आणखी तीन-चार जणांची गुपितं घेऊन आलेला असतो. त्या तीन-चार जणांना तुम्ही कधी भेटलेलेही नसता.

आता सरांबद्दल जे चांगलं आहे ते लिहिते, कारण ते न लिहिणं खोटेपणा होईल. मला जे होतं त्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. मी आधी दोन वर्षं उपास केले, एका महाराजांचा अंगारा कुलपाला लावला (कुलपाला!), आणि शेवटी सरांकडे गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बघण्याने भीती जात नाही, बघण्याने भीतीला खाऊ मिळतो. मग कोष्टक करून दिलं. शटर ओढायचं, कुलूप लावायचं, एकदाच हिसका द्यायचा आणि पाठ फिरवून चालायला लागायचं. पोटात गोळा येईल, त्याला शंभरपैकी गुण द्यायचे, वहीत लिहायचे, आणि परत जायचं नाही. पहिल्या दिवशी पंच्याण्णव लिहिले होते. नाक्यावरच्या रसवंतीच्या बाकावर मी पाऊण तास बसून होते आणि तो आकडा उतरायची वाट बघत होते. नवव्या आठवड्यात तीस झाला. सरांची विद्या खरी आहे. राग आहे तो त्या विद्येवर नाही.

मी त्यांना भेटायला गेले. ते म्हणाले, "अहो, नाव बदललं होतं. आणि तुमचं उदाहरण ऐकून तीन जण स्वतःहून माझ्याकडे आले. केवढं प्रबोधन झालं बघा."

हे उत्तर एका माणसाचं असतं, तर मी त्यांच्याशीच भांडले असते आणि गप्प बसले असते. पण त्यानंतरच्या काही महिन्यांत मी रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, मोबाइलवरचे रील सगळं निराळ्या डोळ्यांनी वाचू-बघू लागले. सगळीकडे तेच. 'माझ्याकडे एक जोडपं आलं होतं', 'परवाच एक आई रडत रडत', आणि खाली कंसात बारीक अक्षरात नावे बदलली आहेत. एवढं लिहिलं की आपलं काम झालं, असं तुमच्या व्यवसायात कुणी तरी शिकवलेलं दिसतं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. नाव बदलणं म्हणजे गोपनीयता नव्हे. मुंबईत 'एक बँक कर्मचारी' म्हटलं तर त्यात हजारो माणसं लपतात. तालुक्याच्या गावात 'कॅश सांभाळणाऱ्या एक ताई' म्हटलं तर एकच उरते. आणि गावाचं सोडा, मी स्वतः? मी तिथे बसून माझीच गोष्ट विनोद म्हणून ऐकली. सभागृहातल्या एकालाही मी ओळखू आले नसते तरी मला तर मी ओळखू आले असतेच ना?

माझी पुतणी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. तिने मला एक जुनी हकीकत सांगितली. मनोविश्लेषणाचा जनक मानल्या जाणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडने १९०५ साली 'डोरा' या टोपणनावाने एका तरुण मुलीची केस छापली. उपचार झाले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिची परवानगी त्याने घेतली नव्हती, आणि प्रस्तावनेत त्याने स्वतःच कबूल केलं की आपलं बोलणं असं वापरलं जाईल हे ध्यानात आलं असतं तर रुग्ण बोललेच नसते. तरी त्याने चार वर्षं वाट पाहिली आणि फक्त डॉक्टर वाचतील अशा नियतकालिकात ती छापली. एवढं करूनही आज त्या मुलीचं खरं नाव जगाला माहीत आहे. आमचे सर माझं शेवटचं सत्र झाल्यावर सात महिने थांबले, आणि सभागृहात लाउडस्पीकर होता.

तुमच्यातलं कुणी म्हणेल की अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतही ओळख पुरेशी झाकून उदाहरण द्यायला मुभा आहे. आहे, पुतणीने तेही दाखवलं. पण त्यात ओळख झाकण्यासाठी 'योग्य ती काळजी' घ्या असं म्हटलंय, नुसतं नाव बदला असं नाही. व्यवसाय बदला, आजाराचा विषय बदला, कुलपाच्या जागी गॅसचा कॉक करा, बाईचा बुवा करा. आमच्या सरांनी काय बदललं? फक्त नाव, कारण बाकी काही बदललं असतं तर हशा पिकला नसता.

दुसरी गोष्ट लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. पाचव्या की सहाव्या सत्रानंतर, फी दिल्यावर, सर सहज म्हणाले, "मॅडम, माझ्या भाच्याला गाडीसाठी कर्ज हवंय, तुमच्याकडे लवकर होईल का?" मी हो म्हटलं. मॅनेजरकडे शब्द टाकला. कर्ज नियमाप्रमाणेच झालं, हप्ते व्यवस्थित येतात, त्यात काही वावगं नाही. पण ज्या माणसासमोर मी आदल्या पाऊण तासात रडले होते, त्याला मी 'नाही, हे माझ्या हातात नाही' असं कसं म्हणणार होते? माझं नाही म्हणण्याचं बळ त्या क्षणी कुठे ठेवलेलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या मंगळवारी मी कुलपाबद्दल बोलत होते आणि मनात एकीकडे भाच्याची फाइल होती.

खेड्यात, छोट्या गावात माणसं एकमेकांना शंभर नात्यांनी बांधलेली असतात, हे मला ठाऊक आहे. तुमची मुलं आमच्या शाळेत असणार, तुम्ही आमच्याच दुकानातून किराणा घेणार. ते टाळता येत नाही. पण काम सांगणं टाळता येतं. कर्ज, जागा, नोकरी, वर्गणी, तुमच्या शिबिरासाठी माणसं गोळा करणं, तुमच्या पुस्तकाच्या प्रती खपवणं, यातलं काहीही समोर रडून गेलेल्या माणसाकडे मागू नये. आणि शारीरिक जवळीक? त्याबद्दल नियम लिहावा लागतो हेच वाईट, पण तोही लेखी हवा, आणि उपचार संपल्यानंतरच्या काळासाठीही हवा. वर सांगितलेल्या अमेरिकन संहितेत निदान दोन वर्षांची अट आहे.

तिसरी: मला कधीही, एकही कागद मिळाला नाही. फी आठशे रुपये, फोनवरून स्कॅन करून दिली. पावती नाही. पहिल्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही की इथे बोललेलं कुठे जाईल, कुठे जाणार नाही, आणि कोणत्या प्रसंगी तुम्हाला ते बाहेर सांगावंच लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे. कुणी जीव द्यायच्या किंवा घ्यायच्या बेतात असेल तर गप्प बसून चालत नाही. हे अपवाद मला पटतात, कुणालाही पटतील. पण ते दाराशीच सांगा. दवाखाना मिठाईच्या दुकानाच्या वर आहे, बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतलं अर्धं ऐकू येतं, हेही तुम्हीच आधी सांगायला हवं. मी एकदा आत जाताना बाहेर बसलेल्या बाईंनी मला जिन्यातच विचारलं होतं, "तुमचं पण नवऱ्याचंच का?"

आणि सरांची पदवी कोणती, हे मला आजही नक्की माहीत नाही. पाटीवर 'मानसतज्ज्ञ' लिहिलंय. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर वेगळे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळे, एम.ए. झालेले समुपदेशक वेगळे, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून बोर्ड लावणारे वेगळे, हा फरक मला चौदा सत्रं झाल्यावर कळला, तोही पुतणीकडून. तुम्हा सगळ्यांना तो माहीत आहे. आम्हाला कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर पाटीवरचा एखादा शब्द खोडावा लागेल.

आता तक्रारीचं. इथे जरा वेळ लागेल, कारण मी बरीच हिंडले.

वैद्यक परिषदेकडे जाता येत नाही, सर डॉक्टर नाहीत. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात, त्यात सरांचं नाव नाही. मग मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढला. कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मला वाटलं, झालं काम. वकीलबाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, हा हक्क 'मानसिक आजार असलेल्या व्यक्ती'ला आहे, त्या शब्दांची कायद्यात व्याख्या आहे, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की तुम्ही त्या व्याख्येत बसता का. म्हणजे माझ्या गुपिताचं रक्षण मागायचं तर मी कोर्टात उभं राहून आधी सिद्ध करायचं की माझा आजार गंभीर होता. त्याच कायद्यात राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने नोंदणी करायची आहे ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मानसोपचार समाजकार्यकर्ते यांची. नुसत्या समुपदेशकाचं नाव त्या यादीत येत नाही. ग्राहक आयोगात जाता येईल, असंही वकीलबाई म्हणाल्या. तिथल्या अर्जात मला सगळं पुन्हा लिहावं लागेल, कुलूप, वडाप, फोटो, नवऱ्याचं वाक्य, या वेळी खऱ्या नावानिशी.

२०२१ साली केंद्राने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक आहेत. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापन करायच्या, नोंदवह्या ठेवायच्या, गैरवर्तनाची चौकशी करायची, असं त्यात आहे. तीन वर्षं उलटल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली की आता तरी अंमलबजावणी करा. आमच्या तालुक्यातल्या बाईला आज सकाळी उठून जिथे आपला कागद देता येईल अशी खिडकी मला मात्र अजून सापडलेली नाही.

आणि तुमच्या संघटना? एका संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना मी फोन केला. फार गोड बोलले. म्हणाले, ते आमचे सभासद नाहीत, आणि असते तरी आम्ही काय, फार तर समज देऊ. मी त्यांना विचारलं की तुमची आचारसंहिता मराठीत कुठे मिळेल. ते म्हणाले, इंग्रजीत आहे, पाठवतो. अजून आलेली नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बोलण्याने लोक मानसोपचाराकडे यायला घाबरतील, आधीच आपल्याकडे इतका संकोच आहे. हे वाक्य मी या काळात चार वेळा ऐकलं. माझं उत्तर असं की संकोच घालवण्यासाठी तुम्ही जी उदाहरणं सांगता, त्यामुळेच तो वाढतो. व्याख्यानाला दीडशे माणसं होती. तीन जण सरांकडे गेले, हे त्यांनी मोजलं. 'आपलंही असंच सांगतील' म्हणून किती जण कधीच जाणार नाहीत, ते कोण मोजणार? माझी पर्सकडे बघणारी मैत्रीण त्यातली एक आहे. तिला जायची गरज आहे. का, ते मी सांगणार नाही.

उदाहरणं सांगूच नका असं मी म्हणत नाही. शिकणाऱ्यांना केसशिवाय शिकता येत नाही, हे पुतणीमुळे मला कळतं. तिने सांगितलं की तुमच्या व्यवसायात ज्येष्ठ मार्गदर्शकासमोर, बंद खोलीत, केस मांडायची पद्धत आहे. मग मनावरचं ओझं तिथे उतरवा. सभागृह ही ती जागा नव्हे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

व्याख्यान, लेख, रील, पुस्तक, कशातही आमची गोष्ट वापरायची असेल तर आमची लेखी परवानगी घ्या. ती उपचार चालू असताना मागू नका, कारण तेव्हा आम्ही हो म्हणणारच. जे सांगणार आहात त्याचा मजकूर आधी आम्हाला दाखवा. आम्ही नाही म्हटलं तर विषय तिथेच संपवा. 'आमच्या एका क्लायंटचा मेसेज' म्हणून आमच्या निरोपांचे फोटो जाहिरातीला लावणंही यातच आलं, नावावर काळी पट्टी ओढली तरी.

पहिल्या भेटीत मराठीत एक पानाचा कागद द्या. त्यावर तुमची पदवी, नोंदणी असेल तर क्रमांक आणि नसेल तर 'नोंदणी नाही' हे शब्द, फी, पावतीची सोय, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, तुम्ही कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता, आणि तक्रार कुठे करायची, एवढं असू द्या. दवाखान्याच्या भिंतीवर दिवंगत थोरांच्या तसबिरी असतात, त्यांच्या शेजारी तो कागदही लावा.

उपचार घेणाऱ्याकडे कोणतंही खासगी काम मागू नका.

संघटनांनी आपली आचारसंहिता मराठीत छापावी आणि तक्रार समिती नेमावी. त्या समितीत निदान एक माणूस तुमच्या व्यवसायाबाहेरचा असावा, आणि सुनावणी बंद दाराआड व्हावी. सभासद नसलेल्यांवर तुम्हाला कारवाई करता येत नाही हे मान्य, पण निदान आमचं पत्र पोचल्याची पोच तरी द्या.

राज्य सरकारने समुपदेशकांची नोंदवही कुणालाही बघता येईल अशी ठेवावी, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव व आजार कागदोपत्री झाकला जाईल अशी सोय करावी. नाही तर हक्क मिळवायला गेलेल्या बाईची तिथे दुसऱ्यांदा मालतीताई होईल.

पुरवण्यांचे संपादक आणि व्याख्यानमालांचे आयोजक हे पत्र वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती. वक्त्याला मानधनाचं पाकीट देण्याआधी एवढंच विचारा, 'यातली उदाहरणं ज्यांची आहेत त्यांना माहीत आहे ना?'

मग तू स्वतःच सगळं चव्हाट्यावर का मांडतेस, असं नवऱ्याने विचारलं. खरं आहे. गावात कळायचं ते कळलंच आहे. पण या पत्रात काय लिहायचं आणि काय गाळायचं ते मी ठरवलं. सरांना मी आणखी एक गोष्ट सांगितली होती, कुलपाच्या आधीची, मी नऊ वर्षांची असतानाची. ती त्यांनी व्याख्यानात सांगितली नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ती इथेही नाही. नवऱ्याने हे पत्र वाचलं, आणि ज्या वाक्यावर सभागृह हसलं ते राहू दे म्हणाला. त्याला मी विचारलं होतं.

सर, तुम्ही हे वाचाल. तुमच्याकडून मला माफीपेक्षा एक छोटं काम हवं आहे. वाचनालयाच्या चॅनलवर तुमच्या व्याख्यानाचा व्हिडिओ आहे. बत्तीसाव्या मिनिटापासून अडतिसाव्या मिनिटापर्यंतचा भाग काढायला सांगा. मी सांगून बघितलं, ते म्हणतात वक्त्याचं पत्र लागेल.

आणि तुम्हा बाकीच्यांना एक माहिती म्हणून कळवते. मंत्रचळ परत आलंय. या वेळी कुलपाचं नाही, घरातल्या गॅसचं. काल रात्री आठ वेळा उठले, वहीत ऐंशी लिहिले. पुन्हा कुणाकडे तरी जायला हवं हे मला कळतं. तुमच्यातल्या दोघांचे नंबर पुतणीने काढून दिलेत. फोन लावते, तिकडून 'हॅलो' ऐकू येतं, आणि मी ठेवून देते.

आपली,
एक रोखपाल
(तिजोरीची किल्ली सध्या दुसऱ्याकडे)